टेबलावर बारा किलोमीटर

"साहेब, टेबलावर तर झकास चालत होतं!"

हे वाक्य फोनवर ऐकू येतं तेव्हा मागे वाऱ्याचा घोंगावणारा आवाज असतो. म्हणजे रेडिओ बसवायला गेलेला आमचा पोरगा गावच्या पाण्याच्या टाकीवर चढलेला आहे. खाली पॅनेल उघडं पडलंय, गावातले चार जण हाताची घडी घालून उभे आहेत आणि भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर एकमेकांशी गप्पा मारणारे दोन रेडिओ आता ओळखच दाखवत नाहीयेत. पोरगा खोटं बोलत नसतो. टेबलावर खरंच चालत होतं. घोळ टेबलाचा असतो.

आधी हे रेडिओ असतात कशाला, ते सांगतो. नदीकाठी पंपहाऊस आहे आणि तिथून बारा किलोमीटरवर टेकडीवर पाण्याची टाकी. टाकी किती भरली हे पंपाला कळलं पाहिजे, नाहीतर टाकी वाहत राहील किंवा गाव कोरडं राहील. केबल टाकायची तर बारा किलोमीटर चर खणायची, वाटेतल्या प्रत्येक शेतकऱ्याचा होकार घ्यायचा आणि पुढे प्रत्येक जेसीबीची धास्ती बाळगायची. मोबाइलचं सिम टाकून काम होतं, पण रेंज आणि रिचार्ज दोन्ही दुसऱ्याच्या हातात. म्हणून दोन्ही टोकांना एकेक रेडिओ मोडेम बसवतात. टाकीवरचा सेन्सर आकडा देतो, रेडिओ तो हवेतून पाठवतो, पलीकडचा रेडिओ तो पंपाच्या पीएलसीला, म्हणजे पंप चालूबंद करणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला देतो. चाकणच्या कारखान्यात क्रेनवर असो की गावच्या पाणीयोजनेत, मूळ कल्पना हीच.

आपल्याकडे यासाठी बहुतेक जण ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरतात. २००५ साली सरकारने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. परवाना लागत नाही म्हणजे मोकाट सुटायचं असं नाही. रेडिओची ताकद जास्तीत जास्त १ वॅट आणि रेडिओला सरकारी मान्यता हवी. वर्कशॉपमध्ये पेटी उघडल्यावर माझी पहिली तपासणी हीच असते, कारण अमेरिकेत असे रेडिओ ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथलं मॉडेल कुणी स्वस्तात आणून लावलं तर इथे ते मोबाइल फोन ज्या लहरींवर टॉवरशी बोलतात त्यांच्यावरच जाऊन आदळतं. हे टाकीवर चढल्यावर कळण्यात मजा नाही.

आता टेबल खोटं कसं बोलतं ते बघू. त्यासाठी डेसिबल, म्हणजे डीबी, नावाच्या प्राण्याशी थोडी ओळख करून घ्यावी लागेल. डेसिबल म्हणजे गुणाकार-भागाकाराऐवजी बेरीज-वजाबाकी करायची सोय. १० डीबी घटले की ताकद दहाव्या हिश्शावर, २० घटले की शंभराव्या, ३० घटले की हजाराव्या. ३ डीबी घटले की निम्मी. एवढं पाठ असलं की बास. डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट हा शून्य धरून मोजलेली ताकद. अर्धा वॅट म्हणजे २७ डीबीएम.

मोकळ्या हवेत बारा किलोमीटर जाताना ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची जवळपास ११३ डीबी घट होते. म्हणजे निघालेल्या ताकदीचा सुमारे वीस हजार कोटीवा भाग पलीकडे पोचतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण रेडिओला तेवढंही पुरतं. हिशेब मांडून बघा: निघताना २७, दोन्हीकडच्या अँटेना मिळून १२ ची मदत करतात, दोन्हीकडच्या केबल मिळून ४ खातात आणि हवा ११३ खाते. उरतात मायनस ७८ डीबीएम. रेडिओच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की तो मायनस १०५ पर्यंत ऐकू शकतो. म्हणजे हातात शिल्लक २७ डीबी. या शिलकीला फेड मार्जिन म्हणतात. घरखर्च भागल्यावर महिनाअखेरीस खात्यात जे उरतं, तसंच हे. अडीअडचणीला हेच कामी येतं.

आता तेच दोन रेडिओ टेबलावर दोन मीटर अंतरावर ठेवा. तेवढ्यात हवा खाते फक्त ३७ डीबी. अँटेना-केबलचा हिशेब सोडला तरी पलीकडे मायनस १० च्या आसपास पोचतात आणि शिल्लक राहते ढोबळमानाने ९५ डीबी. एवढ्या श्रीमंतीत कुठलाही दोष लपतो. ४० डीबी खाणारी खोट असली तरी टेबलावर शिल्लक ५५, सगळं झकास. साइटवर शिल्लक २७, त्यातून ४० गेले की खेळ खल्लास.

४० डीबी खाणारी खोट कशी दिसते? दिसत नाही, हीच तर अडचण. रेडिओवर अँटेनाचा जो छोटा सोनेरी कनेक्टर असतो, त्याच्या दोन जाती आहेत. साध्या जातीत बाहेरून आटे असलेल्या बाजूला मध्ये भोक असतं आणि नट असलेल्या बाजूला पिन. उलट्या जातीत पिन आणि भोक यांची अदलाबदल. आटे मात्र दोन्हींचे सारखेच. एकदा आमचा अडॅप्टर संपला म्हणून पोरगा पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात गेला आणि दुकानदाराने दिला तो घेऊन आला. नट छान घट्ट बसला. फक्त आत दोन्हीकडे भोकंच होती, पिन कुणालाच नव्हती. मधल्या तारेचा तारेला स्पर्शच नाही. तरी टेबलावर दोन रेडिओ गप्पा मारत होते, कारण इतक्या जवळून सिग्नल फटीतूनही उडी मारून जातो. आम्ही ते सामान पॅक करून पाठवलं आणि मग तो वाऱ्याच्या आवाजातला फोन आला.

त्यानंतर आम्ही अंतर टेबलावर आणायला शिकलो.

त्याची युक्ती सोपी आहे. अँटेना काढून टाकायच्या आणि दोन रेडिओ एकमेकांना केबलने जोडायचे. मध्ये ॲटेन्यूएटर लावायचे. ॲटेन्यूएटर म्हणजे सिग्नल मोजून मापून खाणारं पितळी नळकांडं: १० चं, २० चं, ३० चं, आणि एक-एक डीबीने फिरवता येणारं एक खटक्यांचं. वरच्या हिशेबात हवा आणि केबलची घट वजा अँटेनाची मदत म्हणजे १०५ डीबी. तेवढे ॲटेन्यूएटर लावले की रेडिओच्या दृष्टीने तो टेकडीवर बसलेला आहे आणि जोडीदार नदीकाठी. पहिलं नळकांडं रेडिओची पूर्ण ताकद झेलणारं घ्यायचं, नाहीतर ते भाजून निघतं. आणि काहीही झालं तरी अँटेना किंवा ॲटेन्यूएटर न जोडता रेडिओ बोलता करायचा नाही. बाहेर पडायला वाट नसलेली ताकद उलटी येते आणि रेडिओच्याच ट्रान्झिस्टरवर बसते.

मग खटक्यांचा ॲटेन्यूएटर फिरवत जायचं. हिशेबाप्रमाणे १३२ डीबीच्या आसपास संवाद तुटायला हवा. पहिल्यांदा आम्ही हे केलं तेव्हा १३२ ला तुटला नाही. १४० लाही नाही. आम्ही खूश! माहितीपत्रकापेक्षा भारी रेडिओ मिळाले म्हणून चहा झाला. चहा संपता संपता लक्षात आलं की मधली केबल काढून टाकली तरी दोघे बोलतायत. सिग्नल ॲटेन्यूएटरमधून जातच नव्हता, रेडिओच्या खोक्यातून आणि वीजपुरवठ्याच्या तारांमधून बाहेर झिरपून टेबलावरूनच पलीकडे पोचत होता. १३० डीबी घटल्यावर उरते ती इतकी बारीक ताकद की झिरपलेला थेंबही त्यापुढे पूर ठरतो.

यावर महागडा उपाय म्हणजे खास पत्र्याची चाचणीपेटी. स्वस्तातला उपाय आमच्या स्वयंपाकघरात होता. स्टीलचा पिठाचा डबा, घट्ट झाकणाचा. एक रेडिओ बॅटरीसकट डब्यात, डब्याला छिद्र पाडून धातूचा कनेक्टर कसून बसवलेला आणि झाकणाच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी. दुसरा रेडिओ शेजारच्या खोलीत. आई आठवडाभर विचारत होती, "अरे, माझा दहा किलोचा डबा कुठे गेला?" सांगितलं तेव्हा म्हणाली, "आता तो परत आणू नकोस, भोक पाडलेला." डबा अजून वर्कशॉपमध्ये आहे. रोज चाचणीआधी केबल काढून बघायची: संवाद तुटला तर डबा नीट बंद आहे, न तुटला तर झाकण परत लाव.

डब्याने एक भलतीच गोष्टही दाखवली. एका जोडीचा संवाद १३२ ऐवजी १२४ लाच तुटू लागला, तोही एकाच दिशेने. ॲटेन्यूएटर दोन्ही दिशांना सारखंच खातो, म्हणून एकच दिशा कमजोर असेल तर दोष वाटेतला नाही, बोलणाऱ्याचा किंवा ऐकणाऱ्याचा. रेडिओ बदलला, फरक नाही. शेवटी ऐकणाऱ्या बाजूचा स्वस्तातला वीजपुरवठा काढून बॅटरी लावली आणि आकडा जागेवर आला. तो पुरवठा इतका रेडिओ-गोंगाट करत होता की बिचाऱ्याला पलीकडचं कुजबुजणं ऐकूच येत नव्हतं. आठ डीबी म्हणजे सहापटीहून जास्त ताकद, एका पुरवठ्यापायी गेलेली.

गोंगाटाचा विषय निघालाच आहे तर पुण्याजवळचंच एक ठिकाण सांगतो. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. अवकाशातून येणारे अतिक्षीण सिग्नल ऐकायचे म्हणून माणसांचा रेडिओ-गोंगाट कमी असलेली जागा शोधून ती तिथे उभारली. आमची भोसरी एमआयडीसी म्हणजे त्याच्या बरोबर उलटं टोक: वेल्डिंग, मोटरींचा वेग कमीजास्त करणारे व्हीएफडी, शेजारच्याचे वायफाय. म्हणून डबा.

किती वेळ तपासायचं? दहा प्रश्न विचारले, दहा उत्तरं आली, म्हणजे पास, असं काही नसतं. आम्ही १०५ डीबीला रात्री आठ ते सकाळी आठ ठेवतो, दर पाच सेकंदांनी एक प्रश्न. म्हणजे ८,६४० प्रश्न. सकाळी किती उत्तरं हरवली ते बघायचं. मग तेच १२५ डीबीला, म्हणजे शिल्लक सातवर आणून. तिथे थोडी हरवली तर चालतील, पण रेडिओ अडकून बसता कामा नये.

आता लहरींचं झालं. पण निम्मी दुखणी लहरींची नसतातच, भाषेची असतात. पीएलसी बहुतेक वेळा मॉडबस नावाच्या जुन्या भाषेत बोलतात. त्यात पूर्णविराम नाही. साडेतीन अक्षरांइतकी शांतता म्हणजे वाक्य संपलं, असा नियम. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला ही शांतता अवघी चार मिलिसेकंदांची. तारेवर ठीक. रेडिओ मात्र लांब वाक्याचे दोन तुकडे करून पाठवतो आणि मध्ये दहा-पंधरा मिलिसेकंदांचा श्वास घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं वाक्य संपलं, अर्धं वाक्य चुकीचं म्हणून फेकून देतो, आणि उरलेलं अर्धंही फेकतो. छोटं वाक्य एका श्वासात जातं, म्हणून टेबलावर एकच आकडा मागून बघितला की सगळं छान. साइटवर पीएलसी साठ आकडे एकदम मागतो आणि काहीच येत नाही. म्हणून टेबलावर साइटचाच प्रोग्राम चालवायचा, तेवढेच आकडे मागायचे. उपायही तसा सोपा: रेडिओत मॉडबसची सेटिंग असते ती लावायची, नाहीतर आकडे थोडे थोडे मागायचे.

याहून वाईट चूक उशिराची. मध्ये रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुढे पाठवणारा तिसरा रेडिओ, असला की उत्तराला वेळ लागतो. पीएलसीची वाट बघायची मुदत अर्धा सेकंद आणि उत्तर आलं पाऊण सेकंदाने, तर तोवर त्याने पुढचा प्रश्न विचारलेला असतो. मॉडबसच्या उत्तरात स्टेशनचा नंबर असतो, पण हा आकडा नेमक्या कुठल्या प्रश्नाचा हे लिहिलेलं नसतं. मग टाकीच्या पातळीचा आकडा जाऊन बसतो प्रवाहाच्या खान्यात. स्क्रीनवर सगळं हिरवं आणि सगळं चूक. मला विचाराल तर संवाद पूर्ण बंद पडणं यापेक्षा परवडलं, निदान कळतं तरी.

आणि म्हणूनच चाचणीतला माझा लाडका भाग म्हणजे मोडतोड. सगळं नीट चाललेलं असताना मधली केबल उपटायची आणि घड्याळ बघायचं. एकदा असं केल्यावर स्क्रीनवर टाकीची पातळी दिसत राहिली: ३.२ मीटर. एक मिनिट, ३.२. पाच मिनिटं, ३.२. पीएलसीने शेवटचा ऐकलेला आकडा धरून ठेवला होता. खरोखरीच्या गावात याचा अर्थ टाकी वाहून रस्त्यावर पाणी, आणि पंप ऐटीत चालू. प्रोग्राममध्ये दर वेळी एकाने वाढणारा एक आकडा टाकला, हृदयाच्या ठोक्यासारखा. तो नव्वद सेकंद वाढला नाही तर पंप बंद, भोंगा चालू. ही नव्वद सेकंदं किती असावीत, आणि संवाद तुटल्यावर पंप थांबावा की ठराविक वेळ चालावा, हे आम्ही ठरवायचं नाही. ते पाणीयोजना चालवणाऱ्याला टेबलासमोर बसवून, त्याच्यासमोर केबल उपटून विचारायचं. कागदावर विचारलं की "बघा तुम्हीच" म्हणतात. भोंगा वाजला की नीट उत्तर देतात.

वीज आणि ऊन पटकन उरकतो. रेडिओ ऐकताना थोडी वीज खातो, बोलताना तिच्या कितीतरी पट. तार बारीक आणि बॅटरी उतरलेली असली की तोंड उघडताच व्होल्टेज बसतं, रेडिओ रीसेट होतो, परत चालू होतो, परत तोंड उघडतो. म्हणून साइटवर लागणार तेवढ्याच लांबीची तार लावून, पुरवठा १०.८ व्होल्टवर आणून बोलता करायचा. आणि मे महिन्यातल्या बंद लोखंडी पेटीत साठ अंश सहज होतात, तर खोक्यात शंभरचा बल्ब लावून दोन तास ठेवायचा.

केबलचं मात्र दोन ओळीत उरकता येत नाही, कारण पैसे वाचवायला सगळे तिथेच कात्री लावतात. बारीक काळी आरजी-५८ केबल या लहरींवर मीटरमागे जवळपास अर्धा डीबी खाते. टाकीच्या माथ्यापासून खालच्या पॅनेलपर्यंत वीस मीटर म्हणजे १० डीबी. दहातले नऊ हिस्से केबल गरम करण्यात जातात आणि अँटेनाला उरतो एक. बोटभर जाडीची एलएमआर-४०० तेवढ्याच लांबीला अडीच डीबीच्या आसपास खाते. म्हणून वर्कशॉपमध्ये साइटवर जाणारी केबलच, कनेक्टर लावून, मोजून बघायची. मोजलेला आकडा केबलवर चिठ्ठीत लिहायचा. साइटवर कनेक्टर लावणं टाळायचं. वाऱ्यात, शिडीवर, घामाच्या हातांनी लावलेला कनेक्टर पहिल्या पावसात पाणी पितो, आणि लोक म्हणतात पावसाने रेंज गेली. या लहरींना पावसाचे थेंब जवळजवळ अडवतच नाहीत. अडवतं ते कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, किंवा वाटेतली ओली झाडी.

आता टेबलाला जे कळूच शकत नाही ते. मधली वाट. लहर सुतासारखी सरळ जात नाही, ती लांबट काकडीच्या आकाराची जागा व्यापत जाते. बारा किलोमीटरच्या वाटेवर मधोमध या काकडीची त्रिज्या ३२ मीटर असते आणि तिचा साठ टक्के भाग, म्हणजे मध्यरेषेपासून सुमारे १९ मीटर, मोकळा लागतो. टाकीवरून पंपहाऊस दुर्बिणीतून दिसतंय म्हणजे काम झालं असं नाही, मधल्या टेकडीचा माथा या काकडीत घुसत असेल तर शिलकीतून आधीच कापून घ्या. एप्रिलमध्ये उघड्या रानावरून तपासलेली वाट दिवाळीत उसावरून जाते, हेही धरायचं.

म्हणून शेवटी सगळं सामान टेम्पोत चढतं तेव्हा प्रत्येक रेडिओवर एक चिठ्ठी असते: स्टेशनचा नंबर, नेटवर्कचा आकडा (कारखान्यातून आलेला कधीच ठेवत नाही, शेजारच्या योजनेचाही तोच असतो), अँटेनाचं तोंड कुठल्या दिशेला, आणि मोठ्या अक्षरात अपेक्षित सिग्नल: मायनस ७८. एक जास्तीचा रेडिओ सगळ्या सेटिंग भरून तयार. पोराला एकच सांगितलेलं असतं, टाकीवर चढलास की चालतंय का नाही ते सांगू नकोस, आकडा सांग.

परवा त्याने फोन केला. मागे वारा होताच. "साहेब, मायनस ८१."

"उत्तम. दुसरं स्टेशन?"

"त्याला मायनस ११८ दाखवतंय, उत्तरच नाही."

"नट सोडव," म्हटलं, "आणि बघ, आत पिन आहे का."